खरा काळा

टीव्ही बदलायचा हे बाबांनी ठरवलं, आणि त्याला कारण झाले त्यांचे डोळे.

आई आजारी असताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "एका घरात एक पेशंट पुरे." आई गेल्यावर मीच त्यांना हाताला धरून नेलं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ते घरभर हिंडले आणि एकामागून एक शोध लावत सुटले. भिंती पांढऱ्या नसून पिवळट आहेत. माझ्या केसांत चांदी आली आहे. आणि बैठकीतला टीव्ही अगदी भिकार आहे. त्याच्या उजव्या कडेला एक हिरवी उभी रेघ होती, खालचा कोपरा धुरकटला होता.

"इतकी वर्षं मी माझ्या डोळ्यांना शिव्या घालत होतो," ते म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

मी हसले. तेही हसले, आणि मग टीव्हीकडे बघत राहिले.

"तिचा चेहरा मी शेवटी शेवटी धुक्यातूनच बघितला गं. एकदा नीट बघायचाय. तुझ्याकडे तो व्हिडिओ आहे ना? फोनवर नको, फोनवर ती नखाएवढी दिसते. मोठ्या पडद्यावर दाखव."

माझं काम करड्या रंगाचं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसातला बराचसा वेळ मी एका अंधाऱ्या खोलीत, महागड्या पडद्यांसमोर बसून करडा आणि त्याहून किंचित गडद करडा यांतला फरक शोधते. त्या किंचित फरकावर कोणाचं तरी पुढचं वर्ष अवलंबून असतं. विभागात माझी थट्टा चालते, की मॅडमना काळ्या खोलीत काळ्या मांजराची सावली दिसते. त्यामुळे टीव्ही निवडायचा म्हटल्यावर तो मीच निवडणार, यात वाद नव्हता.

आणि मला तो निवडायचा होता. आई गेल्यापासून बाबा वाळत चालले होते. ताटातलं अन्न या कडेकडून त्या कडेला जायचं, पोटात जायचं नाही. शर्ट खांद्यांवरून उतरत होता. मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, स्कॅनची छायाचित्रं स्वतः वाचली, दुसऱ्या दोघांकडून वाचून घेतली. कुठेही काही नव्हतं. एक माणूस माझ्या हातातून निसटलं होतं. दुसरं निसटू द्यायचं नव्हतं. चांगल्या टीव्हीने त्यांना दोन घास जास्त जाणार असतील, तर दुकानातला सगळ्यात चांगला टीव्ही घरी येणार होता.

व्हिडिओत तसं काहीच घडत नाही. आई जेवणाच्या टेबलाजवळ बसून लोकरीचा गुंडा करते आहे. खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर दुपारचा उजेड पडलेला. तिच्या मागे आतल्या खोलीचं उघडं दार. आत दिवा नाही, त्यामुळे दाराची चौकट म्हणजे एक उभा काळा आयत. लोकर बाजारातून लडीच्या रूपात येते, आणि लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात समोर धरून त्यांवर लड ताणायची, दुसऱ्याने धागा ओढून गुंडाळायचा. धरणाऱ्याला हात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलते करावे लागतात, म्हणजे धागा अडत नाही. आमच्या घरी हे धरण्याचं काम कायम बाबांकडे. त्या दुपारी ते आईची औषधं आणायला मावशीबरोबर बाहेर गेले होते, म्हणून मी एक खुर्ची आतल्या दारात ओढून तिच्या पाठीला लड अडकवली आणि फोन घेऊन आईसमोर बसले. आईने मान वर केली नाही. ती खाली बघत गुंडाळत राहिली. धागा तिच्या बोटांपासून निघतो, खांद्यावरून मागे जातो आणि काळोखात दिसेनासा होतो.

एवढंच. मी तो किती वेळा पाहिला होता त्याला गणती नाही.

दुकान दुमजली होतं. वरच्या मजल्यावर भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट एकाच वेळी पंख उघडत होता. टीव्ही विकणारा माणूस चाळिशीचा, गुटगुटीत आणि बोलका होता.

"या काका, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय वाटतं? काळ्या चष्म्यावरून ओळखलं. आता काय, तुम्ही आमच्या टीव्हीची लाज काढणार."

"तुमच्या पोपटाला कावीळ झालीय," बाबा म्हणाले.

तो मनापासून हसला. मग त्याने रंगांच्या कोटी कोटी छटा, पडद्याचा वेग आणि आवाजाचे प्रकार सांगायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. दुकानातलं चित्र मुद्दाम भडक केलेलं असतं. लखलखीत दिव्यांखाली पोपट कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसतो. टीव्हीची खरी परीक्षा गडद भागात होते. आणि आपल्याला पाठ असलेलं चित्र बरोबर न्यावं, म्हणजे टीव्ही त्यात पदरचं काय घालतो आणि काय गाळतो ते लगेच कळतं. मी पेन ड्राइव्ह काढला, भडक मोड काढून सिनेमाचा लावायला सांगितला, आणि वरचे दिवे घालवायला लावले.

"मॅडम, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

"साधारण."

बाबांसाठी त्याने एक खुर्ची आणून मध्यभागी ठेवली.

पहिल्या टीव्हीवर आई आली आणि बाबा पुढे झुकले. त्यांचा हात आपोआप तोंडाशी गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी गडद भाग तपासत होते. दाराचा आयत सपाट काळा होता, डांबर ओतल्यासारखा. धागा चौकटीपाशी कापल्यासारखा संपत होता. तपशील शून्य.

"हा नको," मी म्हटलं.

दुसरा बरा होता. काळ्याचा गडद करडा झाला. त्यात दोन उभे, फिकट पट्टे दिसले. खुर्चीच्या पाठीचे दोन खांब. मला समाधान वाटलं. याचा अर्थ फोनने टिपलेलं होतं, फक्त दिसत नव्हतं.

"आता हा बघा," तो म्हणाला, आणि भिंतीच्या मधोमध लावलेल्या मोठ्या टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडला. "यात काळा म्हणजे खरा काळा. बाकीच्यांत काळा म्हणजे काय, धुऊन धुऊन विटलेली छत्री."

आईच्या गालावरची लव दिसत होती. लोकरीचा प्रत्येक केस सुटा दिसत होता. मी दाराकडे बघितलं.

खुर्चीचे खांब हलत होते.

आधी डावीकडे कलले. मग उजवीकडे. आई धागा ओढायची त्या लयीत, अगदी अचूक, सवयीने. फोन हातात धरला होता, तो हलला असेल, असं मी मनात म्हटलं. पण चौकट हलत नव्हती. टेबल हलत नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले. आमच्या विभागात नव्या मुलांना मी सांगते, अंधारातली गोष्ट थेट बघू नका, जरा बाजूला बघा, मग ती दिसते. मी जरा बाजूला बघितलं. खांबांना वर बोटं होती.

"अरे वा, काका!" विक्रेता म्हणाला. "शूटिंगमध्ये तुम्ही पण आहात की."

मी वळले. तो बाबांच्या डाव्या हाताकडे बघत होता. बाबांची डावी करंगळी तरुणपणी दारात चेंगरली होती, ती बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. त्याने पडद्याकडे बोट केलं. "ही बघा ना, करंगळी. म्हणून म्हणतो, टीव्ही घ्यावा तर असा."

"हो," बाबा शांतपणे म्हणाले. "मीच तो."

"बाबा, तुम्ही तेव्हा घरात नव्हतात."

"लड मीच धरतो," ते म्हणाले. नजर पडद्यावरच होती. "दुसरं कोण धरणार?"

मी विचार करून सांगते असं म्हणून निघाले. विक्रेत्याचा चेहरा पडला. "मॅडम, याच्यापुढे टीव्ही नाही," तो पायऱ्यांपर्यंत सांगत आला.

संध्याकाळी मी मावशीला फोन केला.

"मी आईचा लोकरीचा व्हिडिओ काढला, त्या दिवशी बाबा तुझ्याबरोबर होते ना गं? औषधांच्या दुकानात?"

"होते म्हणजे काय! त्या दुकानदाराशी असे कडाकडा भांडले, मला मेलीला मान खाली घालायची वेळ आली. का गं?"

"मध्ये कधी घरी येऊन गेले का?"

"ते कसले येतात! मी त्यांचा दंड धरून होते. रस्त्यावरचा खांब दिसायचा नाही त्यांना तेव्हा." मग तिचा आवाज बदलला. "काय झालं? जेवतात का ते?"

"जेवतात," मी म्हटलं.

मी वाचणारी बाई आहे. मेंदू ढगात घोडे बघतो आणि भिंतीवरच्या ओलीत तोंडं बघतो, हे मला पुस्तकांतून ठाऊक आहे, आणि धंद्यातूनही. फोन व्हिडिओ साठवताना गडद भागातला तपशील फेकून देतो आणि टीव्ही ती भोकं आपल्या अंदाजाने बुजवतो. असं बुजवताना खुर्चीचे खांब बोटांसारखे दिसले असतील. विक्रेत्याने एक वाकडी रेघ बघितली आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला खूश केलं. आणि बाबा म्हातारे आहेत, दुःखात आहेत. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी, माझी तपासण्यांची यादी संपल्यावर, मी तो व्हिडिओ विभागातल्या शिकवायच्या संगणकावर उघडला. त्याला जोडलेला पडदा कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्यावर करड्याच्या अशा छटा दिसतात ज्यांना भाषेत शब्द नाहीत. खोलीत अंधार होता. वातानुकूलनाची घरघर तेवढी चालू होती.

हात होते. मनगटं होती. त्यांच्या मागे काही नव्हतं, खुर्चीही नव्हती.

मी घाबरले असं म्हणणार नाही. भीतीच्या आधी एक पायरी असते, तिथे माझ्यासारखी माणसं मोजमाप घेतात. आमच्या प्रणालीत एक मोजपट्टी असते. दोन टोकांवर टिचकी मारली की मधलं अंतर कळतं. गाठ वाढली की आटली ते आम्ही त्यावरून सांगतो. मी पहिलं चित्र थांबवलं आणि हातांवरच्या लडीची जाडी मोजली. मग आईच्या हातातला गुंडा मोजला. व्हिडिओ शेवटपर्यंत जाऊ दिला. पुन्हा सुरुवातीला आणला, पहिलंच चित्र, आणि पुन्हा मोजलं.

लड कमी भरली. गुंडा जास्त.

टिचकी चुकली असेल. मी पुन्हा व्हिडिओ चालवला, पुन्हा मागे आणला, पुन्हा मोजलं. लड अजून बारीक. एखाद्या व्हिडिओला सुरुवात असते आणि ती बदलत नसते. इथे प्रत्येक वेळी आई मागच्या वेळी जिथे थांबली होती तिथून पुढे गुंडाळत होती.

मी बाबांना फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"जेवलात?"

"मघाशी बसलो होतो जेवायला. पण एकदम दमल्यासारखं झालं बघ." त्यांना थोडा दम लागला होता. "हात भरून आलेत."

"काय करत होतात?"

"काही नाही गं, डॉक्टरीणबाई. नुसता बसलो होतो."

पडद्यावर व्हिडिओ अजून चालू होता. मी तो बंद केला.

शनिवारी मी एकटीच दुकानात गेले आणि पहिला टीव्ही मागितला. सपाट, डांबरी काळ्याचा.

"हा?" विक्रेत्याला ते खरंच वाटेना. "मॅडम, माझं नुकसान नाही, पण तुम्ही त्या दिवशी दिवे घालवून काळा तपासलात. याचा काळा म्हणजे काळाच. आतलं काही दिसायचं नाही."

"मला तसाच हवाय."

"लोक दिसावं म्हणून टीव्ही घेतात," तो स्वतःशीच पुटपुटला आणि पावती करायला गेला.

व्हिडिओ पुसून टाकायचा हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण हलती, श्वास घेणारी आई माझ्याकडे तेवढीच होती. मी तडजोड केली. बाबांना चेहरा दिसेल, दार दिसणार नाही. न दिसणारी गोष्ट चालू राहते का, या प्रश्नाकडे मी पाठ फिरवली. आयुष्यभर लोकांना मात्र सांगत आले होते, की दिसत नाही म्हणून नाही असं नसतं.

टीव्ही लागला. बाबांनी तो बघून नाक मुरडलं. "दुकानातला तो मोठा काय वाईट होता?"

"तो या भिंतीला मोठा झाला असता."

"बरं, बरं. चेहरा दिसतोय, पुरे झालं. पडदे ओढून घेतो. अंधारात चित्र चांगलं दिसतं ना? तूच म्हणाली होतीस."

मीच म्हणाले होते. मी रोज संध्याकाळी कामावरून परस्पर त्यांच्याकडे जायला लागले. पडदे ओढलेलेच असायचे. स्वयंपाकघरात मी पाठवलेला डबा न उघडलेला. दाराच्या चौकटीत आता खरोखरच काही दिसत नव्हतं, एक काळा आयत आणि त्यात बुडणारा धागा. पण गुंडा उजेडात होता. उजेडातली गोष्ट कुठलाही टीव्ही दाखवतो. मी व्हिडिओ काढला तेव्हा तो लिंबाएवढा होता. मग संत्र्याएवढा झाला. मग आईला तो दोन्ही हातांत धरावा लागायला लागला.

बाबांचा दंड माझ्या मुठीत मावत होता.

"बाबा, माझ्याकडे राहायला चला."

"आणि इथलं काम?"

"कसलं काम?"

ते माझ्याकडे बघून हसले. मी लहान असताना काहीतरी खुळचट विचारलं की असेच हसायचे.

त्या संध्याकाळी मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. घरी जाऊन पुसला, फोनमधला व्हिडिओ पुसला, विभागातल्या संगणकावरचाही पुसला. यंत्राने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मी स्वतः तिला घालवलं. मला रडू आलं नाही. बाबा वाचणार असतील तर हेही चालेल, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारीच त्यांच्याकडे गेले. बेल वाजवली, उत्तर नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं.

बैठकीत पडदे ओढलेले होते. टीव्ही बंद होता. पडद्यावर हिरवी रेघ नाही, धूर नाही, काही नाही. सपाट काळा.

बाबा समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात पुढे. तळवे एकमेकांसमोर, मध्ये वीतभर अंतर.

हात डावीकडे कलले. मग उजवीकडे.

"बाबा."

"ये," ते म्हणाले. मान वळवली नाही. आवाज अगदी कोरडा पडला होता. "बोलू नकोस जरा. धागा अडेल."

त्यांच्या हातांवर काहीही नव्हतं. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. थेट पाहिलं. मग जरा बाजूला पाहिलं.

अंगठ्यांच्या मुळाशी, दोन्हीकडे, कातडीत एक बारीक खाच पडली होती. ती दर वेळी थोडी खोल व्हायची आणि मग सैल व्हायची. काहीतरी ओढलं जात होतं.

"किती राहिलीय?" मी विचारलं. मी हे का विचारलं ते मला माहीत नाही.

"थोडीच. दोन-चार वेढे."

त्यांचे ओठ पांढरे होते. कपाळावर घाम होता. गळ्याजवळची शीर उडत होती आणि मधूनच उडायची चुकत होती. ती चूक मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

"हात खाली घ्या."

"असं मध्येच सोडता येतं का? गुंता होतो."

"मग माझ्याकडे द्या."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या, स्वच्छ डोळ्यांनी.

"तुला जमायचं नाही. तुझं काम नाही हे."

"तुम्ही दमलात, बाबा. द्या इकडे. जेवून घ्या."

त्यांचे हात हलतच होते. मग त्यांनी होकाराची मान डोलावली.

मी त्यांच्यासमोर, टीव्हीकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसले. माझे हात त्यांच्या हातांच्या आतून घातले. त्यांची कातडी थंड आणि ओलसर होती. त्यांनी हात हळूच बाहेर काढून घेतले, एक, मग दुसरा, अगदी जपून, लहान मुलाच्या डोक्याखालून काढावेत तसे.

माझ्या अंगठ्यांवर लोकर आली.

वजन म्हणावं असं नव्हतं. किंचित खरखर. किंचित ऊब. आणि मग पाठीमागून, पडद्याच्या बाजूने, एक हलकी ओढ. मी डावीकडे कलले. ओढ सुटली. मी उजवीकडे कलले.

मला ते जमत होतं.

बाबा उठले. गुडघे कटकन वाजले. स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ताटाचा, मग पाण्याचा. मग चावण्याचा. मला त्यांचा प्रत्येक घास ऐकू येत होता. ते खूप वेळ जेवत होते. मध्येच त्यांनी ओरडून विचारलं, "मीठ कुठे ठेवलंस गं?" आणि लगेच, "सापडलं, सापडलं."

मी रडत होते आणि हात हलवत होते. ओढ चालू होती. पाठीमागे वळून बघण्याची मला हिंमत होत नव्हती. पण दोन-चार वेढ्यांचं काम एव्हाना संपायला हवं होतं, हे माझ्या मोजणाऱ्या डोक्याने मला सांगितलं.

बाबा हात पुसत आले. चेहऱ्यावर रंग आला होता. ते माझ्या डोक्यावरून बंद टीव्हीकडे बघत उभे राहिले, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"आता कसं नीट दिसतंय," ते म्हणाले.

"काय दिसतंय?"

"तिने मान वर केलीय. तुझ्याकडे बघतेय." त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "आणि नवी लड काढलीय पिशवीतून. मोठी आहे."

माझ्या मनगटांवर वजन आलं.

बाबांची तब्येत आता चांगली आहे. त्यांचे गाल भरले आहेत, ते मावशीशी भांडतात, संध्याकाळी फिरायला जातात आणि येताना मला काही ना काही खायला घेऊन येतात. मी त्यांच्याकडेच राहायला आले आहे. टीव्ही ते फारसा लावत नाहीत. मी कामावर जाते. विभागात मी अहवाल पूर्वीसारखे टंकत नाही. नवं यंत्र आलं आहे, त्याच्यापुढे बोलते आणि ते लिहून घेतं. कोणी विचारलं तर सांगते, मनगटं दुखतात. बसल्या बसल्या मी डोलते, असंही विभागातलं कोणीतरी म्हणालं.